आक्कांची सहाण

लातूरजवळच्या मुरुडहून फोन आला तेव्हा मी नांदेडला लेकाकडं मेथी निवडत बसले होते. आक्का गेल्या... झोपेतच गेल्या म्हणे. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दीड महिना होत आला, पण मेथी हातात घेतली की अजून तो फोनच आठवतो.

मुरुडात त्यांना काविळीच्या आक्का म्हणत. रविवारी सकाळी अंगण माणसांनी भरलेलं असायचं. आक्का सहाणेवर मुळी उगाळून ताकातून द्यायच्या, तेल-तिखट बंद सांगायच्या, अन् कुणाचा रुपया घ्यायच्या नाहीत. सासूबाईंनी शिकवलेलं काम, त्याचा त्यांना अभिमानही फार.

माझी नात ऋतुजा चौथीत असताना तिचे डोळे पिवळे झाले. आम्ही सरळ आक्कांकडं नेलं. दवाखाना कुणाच्या मनातही आला नाही. थोडा उतार पडला, पुन्हा डोळे पिवळे. दुसऱ्या खेपेला आक्कांनी मुळी हातात घेतली, पोरीचं पोट चाचपलं अन् मुळी खाली ठेवली. भरल्या अंगणात म्हणाल्या, "सुमन, ही माझ्या हातातली कावीळ न्हाई. लातूरला ने. आत्ताच."

लातूरच्या डॉक्टरांनी लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. अंगातली रोगाशी लढायची ताकदच पोरीच्या लिव्हरवर उलटली होती. गोळ्या सुरू झाल्या, वर्षानुवर्षं घ्यायच्या. डोळे निवळले, पण तोंड भाकरीसारखं फुगलं. वर्गात पोरी चिडवायच्या. सूनबाई म्हणाली, आता बरीच आहे की, बंद करू गोळ्या... हे कळताच आक्का एसटीनं नांदेडला हजर.

"तोंड फुगू दे, पोरगी राहू दे," सुनेला म्हणाल्या. मग ऋतुजाला जवळ ओढलं, "कोण चिडवायलंय गं तुला? माझं बघ, बिनगोळीचंच फुगलंय." पोरगी हसली अन् गोळी गिळली.

त्यानंतर आक्कांनी मुळी उगाळली नाही. कुणी आलं की म्हणायच्या, "आधी रक्त तपासून या."

"आक्का, तुमच्या हाताला लई गुण हाय की."

"हाव, त्याच हातानं माझी नात घालवून बसले असते."

माणसं नाराज होऊन जायची. अंगण हळूहळू रिकामं झालं. त्यांना ते लागलं असणार.

ऋतुजा आता कॉलेजात आहे. दिवसकार्य उरकल्यावर तिनं कुणाला न विचारता सहाण ओढणीत गुंडाळून आणली. सहाण आता इथं नांदेडला स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. सकाळी पोरगी नाष्ट्याला बसली की मी तिच्यावर पोरीची गोळी काढून ठेवते. डॉक्टरांनी डोस कमी करत आणलाय, गोळी आता अगदी लहान झालीय... मुळी उगाळून उगाळून पडलेल्या खळग्यात बरोबर बसते.