कंडेन्सरचं वाण

सगुणाबाईच्या वाटेला जाऊ नये, हे उत्रोलीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. थोरल्या जावेनं लेकीच्या लग्नात तिला मानाचं म्हणून एक विटकं, हलकं लुगडं दिलं होतं. दुसरी कुणी असती तर भांडली असती, नाहीतर कोपऱ्यात बसून रडली असती. हिनं काय करावं? त्या जावेच्या घरी बारसं असो की वास्तुशांत, ही तेच लुगडं नेसून हजर. कुणी विचारलं की कौतुकानं सांगायची, "आमच्या थोरल्या बाईंनी दिलंय, मानाचं!" फाटेस्तोवर नेसली बया. शेवटी जावेनंच हात जोडले.

अशा बाईला कुमार मेकॅनिकनं गंडवलं. त्याची अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

सगुणाबाई माहेरची वेल्ह्याकडची, डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून भातखाचरात राबली, पण हातात पैसा म्हणून कधी आला नाही. मग दुधाचे पैसे साठवून तिनं पिठाची घरगुती गिरणी घेतली आणि पडवीत मांडली. आळीतल्या बाया डबे घेऊन येऊ लागल्या. तांदळाचं पीठ तर असं मऊ यायचं की भाकरी थापताना कड फुटत नसे. जन्मात पहिल्यांदा तिला नवऱ्यापुढं हात पसरावा लागला नाही. नवरा कुंडलिक, गरीब गाय. काहीही झालं तरी त्याचं एकच म्हणणं, "जाऊ दे."

दिवाळीच्या तोंडावर गिरणी बिघडली. बटण दाबलं की नुसती गुणगुणायची, फिरायचं नाव नाही. नसरापूरच्या कुमारला बोलावलं. आसपासच्या गावांतले पंखे, मिक्सर, गिरण्या तोच बघायचा. अंगाला अत्तर, तोंडात साखर. मोटरीवर हात ठेवून त्यानं मान हलवली.

"मावशी, मोटर जळाली. नवीच टाकावी लागंल. साडेपाच हजार, आन् माजी मजुरी पाचशे."

सगुणाबाईनं दोन गाभण शेळ्या विकल्या. कुमारनं नवी म्हणून एक मोटर बसवली, आणि जुनी "भंगारात टाकतो" म्हणून पिशवीत घालून घेऊन गेला. वर चहा पिऊन गेला!

महिन्याभरात ती नवी मोटर कण्हायला लागली. पीठ जाडंभरडं पडू लागलं. बाया तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण डबे दुसरीकडं जायला लागले. नळावर कुणी म्हणालं, "सगुणाच्या पिठाची भाकरी थापाया न्हाई, फोडाया लागती." ते तिच्या कानावर आलं आणि काळजाला डसलं. शेळ्या गेल्याचं दुःख परवडलं, पण हे नाही.

पुढं ती कामथडीला नणंदेकडं गेली. नलूनंही नुकतीच गिरणीला नवी मोटर टाकून घेतली होती, कुमारकडूनच, साडेपाच हजाराला. पीठ अडकलं म्हणून दोघींनी गिरणीचं मागचं दार उघडलं. मोटर पुढून रंगवून चकचकीत केलेली. पण मागच्या अंगाला लाल स्वस्तिक! खंडेनवमीला गिरणीची पूजा करताना कुंकू पिठाबरोबर उडतं म्हणून सगुणाबाईनं सुनेची, सोनियाची, नेलपॉलिश घेऊन ते काढलं होतं. चौथा पाय काढताना सोनियानं बाटली हिसकावली, म्हणून तो पाय खाली ओघळलेला. तेच स्वस्तिक, तोच ओघळ.

"नलूताई, ही माजी मोटर हाय."

नलूचं तोंड उघडंच राहिलं. मग उघडलंच आहे तर म्हणून तिनं कुमारचा असा उद्धार केला की शेजारची म्हातारी बाहेर आली. "मुडदा बशिवला त्याचा! वयनी, चला, आत्ताच्या आत्ता नसरापुरात जाऊन त्याच्या झिंज्या धरू."

"आत्ता न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

घरी कुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे."

"काय काय जाऊ दे? शेळ्या गेल्या, मोटर गेली, नाव गेलं. आता तुमीच राह्यलाय. तुमी पन जाताय का?"

दुसऱ्या दिवशी ती भोरला विजेच्या सामानाच्या दुकानात गेली. वसंतशेठना तिनं गिरणीचं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, "गुणगुणत होती आणि फिरत नव्हती ना? मग कंडेन्सर गेला असणार, मोटरीला फिरायला धक्का देणारी ती डबी. दीडशे रुपये. मोटरीला काय धाड भरली होती?"

दीडशे! सगुणाबाईला दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. डोळ्यांपुढं त्या दोन शेळ्या आल्या. जरा वेळानं तिनं विचारलं, "आन् पंखा हळू फिरला तर?" तोही बहुतेक वेळा कंडेन्सरच, शेठ म्हणाले, चाळीस रुपयांचा, घाऊक घेतला तर पस्तीस. उन्हाळ्यात गावातले निम्मे पंखे कुमारनं 'वाइंडिंग गेलं' म्हणून खाली उतरवले होते, प्रत्येकी चारशे घेऊन! सगुणाबाई उठली, पदर खोचला. "पंख्याचे चाळीस नग द्या. एक गिरणीचा द्या. आन् गिरणीचाच एक मेलेला असंल तर त्यो पन द्या."

संक्रांतीनंतर तिनं हळदीकुंकू घातलं. सकाळीच पिन काढून, वसंतशेठनी दाखवलं तसा मेलेला कंडेन्सर गिरणीला जोडला. कुंडलिक शेजारी उभा राहून देवाचं नाव घेत होता. मग कुमारला फोन लावला. "बाबा, परत गुनगुनाया लागली रं."

कुमार आला तेव्हा पडवी बायांनी भरली होती. एवढ्या बाया बघून गडी खुलला. बटण दाबलं, गुणगुण ऐकली, काही उघडून न बघता म्हणाला, "मोटर गेली मावशी. कंपनीच खराब निगाली. तुमच्यासाटी पाच हजारात बशिवतो."

"बशिव की. पन आदी ह्यो टाक." सगुणाबाईनं नवा कंडेन्सर त्याच्यापुढं धरला.

कुमारचा चेहरा उतरला. "ह्यानं काय व्हनार न्हाई मावशी."

"नको व्हऊ दे. टाक."

एवढ्या बायांसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं तो बसवला, दोनदा स्क्रू हातातून पडला. बटण दाबलं आणि कण्हत का होईना, गिरणी फिरली. सगुणाबाईनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती हळदीकुंकू लावत, तिळगूळ देत निघाली, आणि एकेकीच्या ओंजळीत वाण ठेवू लागली.

"अगं बाई, ह्ये काय?" अंबूबाईनं उलटंसुलटं करून पाहिलं.

"कंडेन्सर. पंखा हळू फिरला की ह्यो गेला म्हनायचं."

आता वाण हातात पडलं की बाई पहिल्यांदा काय विचारते? अंबूबाईनंही तेच विचारलं, "केवढ्याला पडलं गं?"

"पस्तीस रुपये."

मग सगळ्या माना एकदमच कुमारकडं वळल्या. "माज्याकडनं चारशे घेतलं भाड्या!" अंबूबाई कडाडली. "माज्या दोन पंख्यांचं आठशे!" दुसरी उठली. तेवढ्यात नलूनं कोपऱ्यातलं पोतं ओढलं. नवऱ्याच्या मोटरसायकलवर कामथडीहून आणलेली मोटर तिनं बाहेर काढली आणि स्वस्तिक सगळ्यांना दिसेल अशी उलटी करून ठेवली. सगुणाबाईनं एकेक गोष्ट सांगितली, आवाज न चढवता. खरं सांगायचं तर पहिला मुलगा झाला तेव्हाही तिला एवढं सुख झालं नव्हतं.

कुमार पाया पडला. "चुकलं मावशी. पोलिसात नका देऊ. म्हनाल त्ये करतो."

"उद्या नलूताईला खोक्यातली नवी मोटर, बिलासकट. माजी हितं बशिवायची. माजे साडेपाच हजार परत. आन् ह्या बायांचं जास्तीचं जेवढं घेतलंस तेवढं."

त्यानं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सगुणाबाईची मोटर तिच्या गिरणीत पुन्हा गरगरली. पीठ बोटांत घेऊन तिनं चोळून पाहिलं, मऊ होतं. मग कुमारच्या हातावर तिनं तीनशे रुपये ठेवले.

"राहू द्या मावशी."

"का म्हनून? मोटर बशिवायची वाजवी मजुरी हाय ती. सगुणानं फुकट राबिवलं म्हनशील उद्या. मोज." त्याला ते चारचौघांत मोजावे लागले. त्याचे कान लाल झालेले तिनं डोळे भरून पाहिले.

चार दिवसांनी तो पुन्हा आला, मान खाली घालून. "मावशी, हितं आता कुनी दारात उभं करंना. पुन्याला जातो, भावाकडं."

अंबूबाई तिथंच बसली होती. "जा की, ब्याद टळंल," ती म्हणाली.

"अजाबात न्हाई!" सगुणाबाई उसळली. "ह्यो गेला की दुसरा यील. त्याला पयल्यापासनं कोन शिकवनार? आन् पुन्यात जाऊन ह्यो पुन्हा तेच करनार. हितंच राहायचं रं कुमार. हिचा पंखा बंद हाय. उद्या नऊला ये."

नऊ वाजता अंबूबाईच्या घरात आळीतल्या बाया जमल्या. कुणी वाटाणे सोलायला घेतले होते, कुणी तांदूळ निवडायला. मधोमध स्टूल. कुमार त्यावर चढला, पंख्याला हात लावणार, तेवढ्यात सगुणाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"हां, थांब. आदी दर सांग. सामानाचा येगळा, मजुरीचा येगळा. मोठ्यानं."