रिद्धपूरच्या ओट्यांवरून शाळेच्या बाकापर्यंत

आमच्या रेवाला शाळेतून काढतील, या धास्तीने मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. रेवा सात वर्षांची, स्वमग्न. बोलते अगदी मोजकं. मूर्तिजापुरातल्या तिच्या शाळेचं फाटक दिसलं की ती जमिनीवर लोळण घ्यायची, स्वतःचाच हात चावायची. मी पडलो तापट माणूस. चार लोकांदेखत लाज वाटायची आणि मी तिला दंडाला धरून ओढायचो. मुख्याध्यापिका मायाळू होत्या, पण त्यांना बाकीची मुलंही सांभाळायची होती. "भाऊ, दिवाळीनंतरही पोरगी वर्गापर्यंत आली नाही, तर अमरावतीच्या निवासी शाळेचं पाहा लागन," त्या म्हणाल्या. झोपताना आईच्या पदराचं टोक मुठीत धरणारी ही पोर आमच्यावाचून तिथे कशी राहणार?

अकोल्याच्या शबाना मॅडम अशा मुलांसाठी वर्तनोपचार, म्हणजे थेरपी करतात. त्या सांगून सांगून थकल्या होत्या, "भाऊ, तिले ओढू नका. पुढं काय होनार हे तिले आधी समजू द्या. एक लहान गोष्ट जमली का शाबासकी, मंग पुढची." घरात भिंतीवर चित्रं लावून दात घासण्यापासून जेवणापर्यंत सगळं जमलंही. फाटकाशी मात्र सगळं ओमफस.

बायकोचं माहेर महानुभाव पंथाचं. दिवाळीच्या सुटीत तिने पंथाचं तीर्थ असलेल्या रिद्धपूरला जायचा हट्ट धरला आणि मी कुरकुरतच निघालो. तिथे पंथाच्या प्रभूंचं वास्तव्य झालेल्या जागी ओटे बांधलेले आहेत. भाविक एकेका ओट्यावर माथा टेकत पुढे जातात. पहिल्याच ओट्याशी गर्दी पाहून रेवाने कान गच्च दाबले. मी तिचा दंड धरायला पुढे झालो, तेवढ्यात एक म्हातारी तपस्विनी मध्ये आली. ती रेवाला शिवलीसुद्धा नाही. "दंडवत, बाई," एवढाच पंथाचा नमस्कार तिने रेवाला केला, स्वतः माथा टेकला आणि पुढच्या ओट्याकडे बोट दाखवलं. "आता तिथं." तिथे जाऊन पुन्हा तेच. रेवा बघत राहिली. मग तिचे कानांवरचे हात सुटले आणि ती त्या बाईंच्या मागून निघाली, प्रत्येक ओट्यावर कपाळ टेकवत, शांतपणे. शेवटच्या ओट्याशी मी डोळे पुसून पाहिलं, तर बाई गर्दीत पुढे निघून गेल्या होत्या. बायको म्हणते, प्रभूंनीच धाडलं. मी वाद घालत नाही.

शबाना मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तर मंग शाळेतही ओटेच करून पाहू ना, भाऊ." फाटकाजवळचा निंब, पाण्याची टाकी, व्हरांड्यातला खांब, वर्गाचा उंबरा आणि तिचा बाक, असे थांबे ठरले. मुख्याध्यापिकांनीही मुदत थोडी वाढवून दिली. घंटेच्या आधी जायचं. वर्गशिक्षिका पुढे उभ्या राहून नुसतं बोट दाखवणार, रेवाने पोचून हात टेकवला की तिचे आवडते मुरमुरे. मी फाटकाबाहेर. सुरुवातीला निंबापर्यंतच जाऊन परत यायचं. कधी टाकीशी पोचून पुन्हा रडारड. अशा वेळी आत धावावंसं वाटायचं, पण फाटकाची सळई घट्ट धरून मी मनात म्हणायचो, प्रभू, तुझं लेकरू आहे, तू सांभाळ. किती दिवसांनी मी देवाशी बोलत होतो!

थंडी सरता सरता एका सकाळी ती उंबरा ओलांडून बाकाशी पोचली आणि हात न टेकवता तिने बाकावर कपाळ टेकवलं. बाहेरून, उघड्या दारातून मला ते दिसलं. वर्गशिक्षिकांनी हात जोडले. मला हुंदका आवरला नाही.

त्यानंतर निवासी शाळेचं नाव कोणी काढलं नाही. ओढण्यालाच मी आजवर प्रयत्न समजत होतो. हात सोडून थांबता येणं हेही देवावर सोपवणंच आहे, हे मला त्या अनोळखी माउलीने शिकवलं. तिचे आणि मॅडमचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत. परवा मी सवयीने फाटकाशी रेंगाळलो होतो. रेवा निंबापाशी थांबली, वळली आणि माझ्या मागच्या रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, आता तिथं."

मी मनोमन दंडवत घातला आणि निघालो.