चार नंबरची खाट

एकोणीसशे साठ साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. धुळ्याजवळच्या एका लहान खाजगी दवाखान्यात मी नवीन नर्स होते. नवीन, आणि तोंडाने फटकळ. बायकांच्या वॉर्डात आम्ही नावं विचारत नसू. खाटेचा नंबर पाहायचा, सुई द्यायची, पुढे सरकायचं.

वैशाखातली दुपार होती. चार नंबरची खाट खिडकीखाली, वाऱ्याची. तिथे नरडाण्याकडची एक तरुण सून होती. पायाची जखम पिकलेली, पेनिसिलीन चालू. शेजारी पाच नंबरला दम्याची म्हातारी. वडीलधाऱ्या बाईने उकाड्यात तळमळावं आणि आपण वाऱ्यात पडून राहावं, हे त्या सुनेला कसं पटावं? माझी पाठ वळताच तिने आपली जागा म्हातारीला दिली. आपल्याकडची रीतच ती.

मी सिरिंज भरून आले तेव्हा आयाबाई फरशी पुसत होती. खाटा बदललेल्या तिने पाहिल्या होत्या. ती म्हणाली, "सिस्टर, हाई अक्का ते..."

"तू फरशी पूस," मी म्हटलं. "माझं काम मला येतं."

म्हातारीने स्वतःहून दंड पुढे केला. सुई मिळाली की गुण येतोच, अशी तिची श्रद्धा. पाचच्या खाटेला अडकवलेल्या तिच्या कागदावर 'पेनिसिलीन देऊ नये' असं ठळक लिहिलं होतं. मी वाचला तो चारचा कागद. थोड्याच वेळात तिचा श्वास अडकला. डॉक्टर धावत आले, हातात होतं ते सगळं केलं. गेली.

"दम्याने गेली," डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं. मला आत बोलावून म्हणाले, "कुठे बोलू नका. दवाखाना बंद पडेल." मी मान हलवली. खरं सांगते, मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

पुढे जळगावला मी मोठी सिस्टर झाले. नाव विचारल्याशिवाय सुई नाही, आयाबायांनी बेधडक टोकायचं, चूक झाली तर त्याच दिवशी वहीत लिहायची आणि सगळ्यांनी बसून बोलायचं, असा दंडक घातला. नव्या पोरी मला खडूस म्हणत. म्हणोत बापड्या.

पण ती सून त्या दवाखान्यातून घरी निघाली, तेव्हा माझा हात धरून रडली होती. "मी त्यासले मनी खाट दिधी, म्हणीसन त्या गयात. वारा बाधना त्यासले. मनीच चूक शे, सिस्टर."

"रडू नको," एवढंच मी म्हटलं, आणि आपल्यामुळे वारा लागून म्हातारी गेली, हा समज घेऊनच तिला जाऊ दिलं.