मारुतीचा हात

त्या सकाळची फिर्याद मला आजही आठवते आणि आठवली की राग येतो. मागच्या महिन्यात ज्याच्या अंत्यविधीला मी उभा होतो, तोच माणूस त्या फिर्यादीत आरोपी होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाटूरच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीतल्या एका गावात वेशीवरच्या मारुतीचा हात रातोरात कुणीतरी फोडला. सरपंचाने फिर्याद दिली आणि नावही दिलं. बौद्ध वस्तीतला एक मजूर. थोड्याच दिवसांपूर्वी सरपंचाचा बैल मेला, तेव्हा याने चारचौघांत सांगितलं होतं, आम्ही दीक्षा घेतली, मेलेलं ढोर आता ओढणार नाही. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. आम्ही पोहोचेपर्यंत गावाने त्याला झोडपलं होतं. उजवा हात कोपरातून मोडला होता.

दवाखान्यात जबाब घेताना तो म्हणाला, “साहेब, ज्याला मी मानतच न्हाई, त्याच्याशी भांडू कशाला?”

मी पंचनामा पुन्हा वाचला. मूर्तीचा हात तुटला होता, पण तुकड्यांची नोंद कुठेच नव्हती. रागाने फोडणारा माणूस तुकडे उचलून नेत नाही.

मग फाट्यावरच्या चहावाल्याने, आमच्या जुन्या खबऱ्याने, बातमी दिली. “सरपंचाचा धाकटा भाऊ त्या दिशी पहाटंच नदीकडं गेल्ता. नारळ, हळदकुंकू घेऊन. घरात लगीन न्हाई, मयत न्हाई. मंग कशाला गेल्ता, तुम्हीच बघा.”

गावाला कळू न देता बाहेरचे पंच आणि पोहणारे घेऊन मी नदीचा डोह धुंडाळला. लाल कापडाचं एक गाठोडं निघालं. आत मारुतीचा हात होता, हळदकुंकवाने माखलेला, वर अक्षता. पंचांच्या सह्या घेऊन ते पुन्हा बांधलं, मोहोर केली.

भावाला चौकशीला बोलावलं. तो अगदी निर्धास्त होता.

“शनिवार धरतो मी साहेब. माझ्यावर शक?”

मी हवालदाराला गाठोडं आणून माझ्या बुटांजवळ ठेवायला सांगितलं. तो ताडकन उठला.

“खाली नका ठेवू. देव हाय त्यो.”

“आत काय आहे, मी कुठं सांगितलं?”

तो खाली बसला. मग सांगू लागला. “दादा म्हणला, गाव एका बाजूला यायला पायजे. पण फोडायच्या आधी पाया पडलो साहेब, माफी मागितली. तुकडे धुळीत कसे टाकू? पाप लागंल.”

“आणि त्या माणसाचा हात मोडला, त्याची माफी?”

“त्याची कशाला?”

तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला प्रश्नच कळला नव्हता. मला चीड आली ती त्या न कळण्याची.

मजूर सुटला. भावावर गुन्हा दाखल झाला; सरपंचाचं नाव मात्र त्याने लेखी जबाबात घेतलं नाही. मारहाणीचाही वेगळा गुन्हा मी नोंदवला, पण ज्या वेशीत सारं गाव जमलं होतं तिथे कुणी काही पाहिलं नव्हतं. नव्या मूर्तीची स्थापना सरपंचाच्या हस्ते झाली आणि तो निवडूनही आला.

श्रद्धा असली की माणूस नीतीने वागतो, असं मी घरी ऐकत वाढलो होतो. श्रद्धा त्या भावाकडे भरपूर होती. तिच्यात माणसाला जागा नव्हती. पुढे नोकरीत कुणी धार्मिक असल्याचं सांगितलं की मी विचारत असे, पाप कुणाला दुखावलं तर लागतं?

मजुराचा हात वाकडाच जुळला. तो मरेपर्यंत डाव्या हाताने जेवला.