तिसरी फुंक

आधी वंदन त्या श्वासाला, जो न मागता येतो, न सांगता जातो, आणि असेपर्यंत स्वतःची आठवणही करून देत नाही.

त्या श्वासाची चाकरी करणारी एक बाई होती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, एक टेबल, फुंक मोजणारे एक यंत्र आणि दोन खुर्च्या एवढाच तिचा कारभार. रोग्याने नळी तोंडात धरायची, नाकाला चिमटा लावायचा, छातीभर हवा घ्यायची आणि एका दमात सारी बाहेर फुंकायची. असे तीन वेळा. तिन्हींतली जी उत्तम, ती खरी. बावीस वर्षे हेच केले म्हणून सगळे तिला फुंकताई म्हणत.

चिमट्याला कोणी बिचकला की ती म्हणे, "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आजोबा. ही म्हण आमच्याच खोलीतली." आजोबा हसत, आणि हसता हसता खोकत.

पण तिचे खरे काम चिमट्याचे नव्हे, ओरडण्याचे. माणूस आपल्या मनाने फुंकतो तेव्हा थोडे राखून फुंकतो. तळाशी उरलेली ओंजळभर हवा दुसऱ्याने हाक दिल्याशिवाय वर येत नाही. म्हणून ती उभी राहून ओरडे, "फुंका! अजून, अजून! सोडू नका!" अनोळखी माणसासाठी इतका जीव तोडणे, हीच तिची पूजा.

पूर्वी तिच्याकडे गर्दी थंडीत होई. धुके उतरले की माणसे येत, ऊन चढले की ओसरत. आता उन्हाळा लवकर येतो आणि उशिरा जातो. वारा दिवसचे दिवस पडून राहतो. गाड्यांचा आणि भट्ट्यांचा धूर शहरावर झाकणासारखा बसतो. बाहेरचे बाकडे बाराही महिने भरलेले.

तिचा थोरला भाऊ वाहतूक पोलीस. चौदा वर्षे एकाच चौकात उभा. म्हणायचा, "माझ्या हातासरशी बस थांबते, ट्रक थांबतो. तुझी वहिनी तेवढी बोलायची थांबत नाही."

त्या वर्षी पोलीस खात्याने नियम केला: चौकातल्या प्रत्येकाची फुंक तपासायची. आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला, तर चौक सुटणार आणि कचेरीतले टेबल मिळणार.

तपासणीच्या आदल्या दिवशी वहिनी आली. बसलीसुद्धा नाही.

"वन्सं, एक मागते. उद्या ओरडू नका."

"म्हणजे?"

"ते आपल्या मनाने फुंकतील तेवढंच फुंकू द्या. जिना चढले की भिंत धरतात हो. विचारलं की म्हणतात, पायरी मोडकी आहे. सगळ्या पायऱ्या मोडक्या का? तुम्ही खोटं काही लिहायचं नाही. फक्त गप्प राहायचं."

फक्त गप्प राहायचे! पापाला इतके स्वच्छ कपडे क्वचितच मिळतात. आणि मागणारी तरी कोण? नवऱ्यावर माया करणारी बायको.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, कडक इस्त्रीच्या गणवेशात. पहिली फुंक खोकल्यात तुटली. दुसरी पुरी झाली, पण आकडा रेषेच्या बराच खाली राहिला. फुंकताईच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आणखी एकदा असेच मौन, की भाऊ धुरातून सुटला.

त्याने चिमटा काढला. "काय ग, घसा बसला का तुझा? माझ्या आधी आलेल्यांवर तर खेकसत होतीस मघाशी."

दार उघडेच होते. बाकड्यावर भट्टीवरचा एक मजूर आपल्या पाळीची वाट पाहत होता. त्याच्यासाठी ती ओरडणार होती. परक्याला रोज दिले, ते सख्ख्या भावाला नाकारायचे? त्याच्या छातीत काय उरले आहे, ते त्याला न सांगताच त्याला घरी धाडायचे? ती उठली. चिमटा आपल्या हाताने लावला.

"घे श्वास. घे, घे... फुंक दादा! फुंक! अजून! सोडू नकोस, दादा, अजून!"

एक्स-रेवाला दार उघडून बघू लागला. भावाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. आकडा चढला, रेषेजवळ आला आणि तिच्या किंचित खाली थांबला.

"परत," भाऊ म्हणाला. चौथ्यांदा ती तितकीच ओरडली. आकडा आणखी खाली आला.

"तू नीट ओरडली नाहीस."

"पहिल्या दोन्ही वेळी गप्प बसले, ते खरं. पण तिसऱ्या वेळी ओरडले तेवढी बावीस वर्षांत कुणासाठी ओरडले नाही रे."

त्याने यंत्राकडे वळून आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे एवढीच उरली?"

"एवढीच."

तिने तिसऱ्या फुंकेचा आकडा लिहिला आणि खाली सही केली. मग तो बसल्या जागी खोकला. पहिल्यांदाच, तोंडावर रुमाल न धरता, कुणापासून न लपवता, पोटातून. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेरच्या रांगेला तेवढा वेळ थांबावे लागले.