पाण्यात बसणारा बैल

देवपूरच्या आमच्या सरांना पुण्याच्या एका विद्वानाने फसवलं. त्यांच्या दोन वह्या नेल्या आणि त्यांतला विचार स्वतःच्या नावाने छापला. मी साक्रीच्या बैलबाजारात दलाली करून वर आलेला, आता धुळ्यात पंपांचं दुकान चालवणारा माणूस. फसवणुकीचा वास मला लांबून येतो. वह्या गेल्या त्या दिवशी मी समोर बसलो होतो आणि तो आला नाही, हे जास्त लागतं.

सरांइतका अटी घालणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. काकडी घेतानाही विचारत, "कडू निघाली तर?" भाजीवाली अक्का म्हणे, "बदली दिसू, सर. पन आख्खी खाईसन येवानं नही!" बदलून मिळेल, पण अख्खी खाऊन यायचं नाही. सर खूश. एक अट त्यांची, एक तिची, व्यवहार पक्का. मात्र माणसांची ओळख करून दिलेली त्यांना खपत नसे. "वागण्यावरून कळेल," म्हणत. एका लग्नात पातेल्याशी उभं राहून भरीत चाखणाऱ्या व्याह्यांना त्यांनी आचारी ठरवलं आणि ताट पुढे केलं. व्याह्यांनी मुकाट्याने वाढलं. मी रागावलो, तर म्हणाले, "वाढलं ना? मग माझं चुकलं कुठे, आबा?"

ते कॉलेजात संगणक शिकवत. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत गारवा असे, म्हणून उन्हाळ्यात मी जाऊन बसे. एकदा सर कुरकुरत होते, की प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक गोष्ट आधी सांगावी लागते, हा आकडा, हे अक्षर. यंत्राला ते वापरावरून ओळखता यायला हवं. मी म्हटलं, "यात काय नवल? आमच्या बाजारात भाव ठरवताना रुमालाखाली बोट धरतात. एक बोट म्हणजे शंभर की हजार, कोणी सांगत नाही. समोर गोऱ्हा आहे की खिल्लारी बैल, त्यावरून कळतं."

सर उभेच राहिले. "आणि बैलात खोड निघाली तर?"

"ती अट तोंडाने बोलावी लागते. मी एकदा बोललो नाही."

मग त्यांना माझ्या हरण्या बैलाची गोष्ट सांगितली. देखणा, गरीब, ओढीला पक्का. पण पाणी दिसलं की बसायचा. पांझरा नदीच्या मधोमध भरल्या गाडीसकट बसला. विकणाऱ्याकडे भांडायला गेलो, तर तो म्हणतो, "बैल त बैलच शे ना, आबा! पानीनं तुम्हीन कोठे इचारं?"

सर हसले नाहीत. खडूने फळ्यावर नदी काढली. "हा बैल आहे, हे यंत्राने ओळखावं. तो पाण्यात बसत नाही, ही अट माणसाने एकदा लिहावी. आणि वाट नदीतून जात असेल तर ती अट यंत्राने आपणहून गाडीवाल्यापर्यंत पोचवावी. गाडी जुंपायच्या आधी, आबा. नदीत उतरल्यावर नाही."

ओळखणं यंत्राचं, अट माणसाची, आणि दोघांनी एकमेकांना विचारून चालायचं. एवढ्यासाठी सरांनी सहा वर्षं घातली. कित्येकदा सगळं खोडून पहिल्यापासून मांडलं. त्यातून त्या दोन वह्या झाल्या.

पुण्याचे ते गृहस्थ कॉलेजात व्याख्यानाला आले होते. सरांकडे जेवले, वह्या चाळता चाळता हात धुवायचं विसरले. असे प्रश्न विचारले, की सरांचा चेहरा उजळला. "नीट वाचून परत पाठवतो," म्हणाले, आणि सरांनी दिल्या. नाव कोणाचं, परत कधी, एक शब्द नाही. चार तोंडी अटी घातल्याशिवाय शेळीसुद्धा न घेणारा मी सुपारी चघळत बसून राहिलो.

दोन वर्षांनी एक इंग्रजी मासिक आलं. त्यात त्या गृहस्थांच्या नावाने लेख होता. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "मांडलंय बरोबर." मी भडकलो. पुण्याला जाऊन त्याची तंगडी मोडतो म्हणालो. सरांनी मला खाली बसवलं. "मी ओळखण्यात चुकलो नाही, आबा. माणूस विद्वानच होता. अट बोलायची राहिली." मग पान माझ्याकडे वळवून एका शब्दावर बोट ठेवलं. मला इंग्रजी येत नाही. "हा हरण्या," ते म्हणाले. "उदाहरणात घेतलाय."

सर आता निवृत्त आहेत. वह्या आल्या नाहीत, नवीन वही त्यांनी उघडली नाही. बाजारात सोबत जातो तेव्हा ते काकडी उचलून सरळ पिशवीत टाकतात, काही विचारत नाहीत. अक्काच माझ्याकडे बघते.

त्या गृहस्थांपर्यंत हे पोचलं, तर त्यांनी मला एकच सांगावं. नदी आमची, बैल माझा, अट सरांची. पांझरेत बसलेला हरण्या तुम्ही कुठल्या काठावरून पाहिलात?