उंबऱ्यावरचं टेबल

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे मी सरकारी कॉम्प्युटरवर फवारणी केली. द्राक्षांवरची भुरी घालवायला करतात तशी! लॉकडाउनचे दिवस, आमचं सांगलीचं रोजगार कार्यालय चालू, आणि मी भीतीनं अर्धमेली. तासगावच्या बागेतला यजमानांचा पाठीवरचा पंप आणला, त्यात जंतुनाशक भरलं आणि टेबलं, खुर्च्या, कॉम्प्युटर, सगळ्यांना सारखंच न्हाऊ घातलं. कॉम्प्युटर एकदा चरचरला आणि गप्प झाला. चालणारा तेवढा एकच होता. नातवंडं अजून मला ‘फवारणी आजी’ म्हणतात.

पण मी म्हणते, खरे दोषी मगदूम साहेब! त्यांनी ऑफिस बंद ठेवलं असतं तर मी पंप कशाला आणला असता?

मगदूम साहेब आमचे अधिकारी. मिरजेकडचे, घरची शेती, बोलणं थेट बांधावरचं. बंद दार त्यांना बघवत नसे. वाऱ्यानंही लागू नये म्हणून दाराला कायम वीट. “गरजू माणूस कडी वाजवत न्हाई बाई. दार लागलेलं दिसलं की उलट्या पावली जातोय.” हे मी इतक्यांदा ऐकलंय की ती वीट त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटे.

लोकांना आत घेऊ नका, असा आदेश आला तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. साहेबांनी काय करावं? टेबल ओढून उंबऱ्यावर ठेवलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि तिथंच ठाण मांडलं.

“साहेब, आदेश आहे,” मी म्हटलं.

“मग घेतोय कोण आत? लोकं भाईर, मी मधी, तुमी आत. कुटं मोडला आदेश?”

वर मास्क हनुवटीला लोंबणारा. मी ओरडले की नाकावर चढायचा, साहेब बोलायला लागले की पुन्हा खाली. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं? भांडणाच्या ऐन मध्यावर हे आपले चहा पुढं करायचे.

फवारणी केली त्याच सकाळी आटपाडीकडची शारदा आली. मेंढपाळाची लेक, नर्सिंग शिकलेली, पुण्यातली नोकरी नुकतीच सुटलेली. कोविड सेंटरची भरती निघाली होती, अर्जाला आमच्याकडचा नोंदणी क्रमांक लागत होता. तो काढायला जावं तर ओटीपी तिच्या हरवलेल्या सिमवर. मोबाइल नंबर आमच्याकडूनच बदलून हवा होता, आणि अर्जाचा शेवटचा दिवस तोच.

मी आतूनच म्हटलं, “कॉम्प्युटर बंद आहे गं. घरून ऑनलाइन कर की.”

“घरनं झालं असतं तर दुधाच्या गाडीत क्यानांवर बसून आले असते व्हय, मॅडम?”

एवढ्यात साहेब आले. त्यांनी पोरीकडं पाहिलं, ठिबकणाऱ्या कॉम्प्युटरकडं पाहिलं, माझ्या पाठीवरच्या पंपाकडं पाहिलं. “बाई,” शांतपणे म्हणाले, “भुरी गेली का?”

आणि स्कूटरला किक मारून लेकीचा लॅपटॉप आणायला गेले. लवकर येतील तर शपथ! वाटेत पोलिसांनी अडवलं. ओळखपत्र घरी विसरलेलं. पोलीस उठाबशा काढायला सांगत होता आणि हे त्यालाच विचारत होते, “काढतो, पर तुजा भाऊ कुटं नोकरीला हाय? न्हाई? मग उद्या लावून दे माज्याकडं.” उन्हं कलल्यावर परतले. लॅपटॉप पोटाशी, बायकोच्या शालीत बांधलेला, उठाबशांनी गुडघे धरलेले. माझ्या मोबाइलचं नेट घेऊन उंबऱ्यावरच्या टेबलावर तो नंबर बदलला, आणि शारदाचा अर्ज मुदतीत गेला. तोवर ती पायरीवरून हलली नव्हती, पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

पुढच्या लाटेत साहेबच आडवे झाले. (काळजी नको. खडखडीत बरे होऊन आले आणि निवृत्त होईपर्यंत मला छळलं. गेले ते परवाच्या हिवाळ्याच्या तोंडावर, घरच्या बागेत छाटणी चालू असताना.) त्यांना सेंटरला नेल्याचं कळलं तेव्हा मी हळहळले. खोटं कशाला सांगू, मागोमाग मनात आलं, चला, आता तरी दार लागेल. मी विटेला हात घालतेय तोवर फोन वाजला. साहेबांना धाप लागत होती, तरी बोलणं तेच:

“बाई, माजी काळजी करू नगा. हितं शारदा हाय, टायमावर गोळ्या देतीया, मास्क खाली आला की तुमच्यापेक्षा लय वरडतीया. तुमी तेवढं टेबल उंबऱ्यावर घ्या आन् बसा. आन् त्यो पंप घरीच ठिवा.”